आधी ट्रेनिंग, मग बोट : धरणावर बोटिंगचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी



मागच्या महिन्यात दोन तरुण माझ्या दुकानात आले. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांना शंभर फूट नायलॉनची दोरी, दोन रबरी ट्यूब आणि एक जाड साखळी हवी होती. मी सहज विचारलं, "विहिरीचं काम काढलं का?" तर म्हणाले, "नाही सर, बोट घेतोय. जुनी फायबरची आहे, इंजिनसकट मिळतेय. धरणावर रविवारी लई गर्दी असते. आठ सीटची बोट, माणशी शंभर रुपये, दिवसाला दहा फेऱ्या. रविवारचे आठ हजार कुठं गेले नाहीत."

हिशोब वहीत लिहून आणला होता. तिसरा पार्टनर म्हणून माझं नावही त्यात टाकलेलं होतं.

मी एकच प्रश्न विचारला. "बोट चालवणार कोण?"

"आपला दादा आहे ना सर. भोई समाजाचा माणूस आहे. लहानपणापासून पाण्यातच आहे."

"आणि बोट चालवायला शिकला कुठे?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. "त्यात काय शिकायचं सर? बोट तर आहे."

त्या एका वाक्यामुळे आजचा लेख लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. बोट विकत घेण्याआधी बोट चालवण्याचं रीतसर शिक्षण घ्या, परीक्षा द्या, प्रमाणपत्र मिळवा. शक्य असेल तर सुरुवात शिडाच्या होडीपासून करा. या शिक्षणाचा खर्च बोटीच्या किमतीतच धरा. तो परवडत नसेल, तर बोटही परवडत नाही असं समजा.

"आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

बुलढाण्यात बसून शिडाच्या होडीची गोष्ट केली की पहिला प्रश्न हाच येतो. त्याचं उत्तर शेजारच्या राज्यातून घेऊ.

मध्य प्रदेशला समुद्र नाही. तिथल्या देवास जिल्ह्यातल्या अमलताज गावच्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर. भोपाळच्या मोठ्या तलावावर ती शिडाची होडी चालवायला शिकली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरातल्या आशियाई स्पर्धेत तिने मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं. वय सतरा. देवास म्हणजे आपल्यापासून सातपुड्याच्या पलीकडे, बऱ्हाणपूर-खंडवा ओलांडून इंदूरच्या पुढे. तिथल्या पोरीला तलाव पुरला. कारण त्या तलावावर शिकवणारी शाळा होती.

आपल्या महाराष्ट्रातही असंच आहे. पुण्याजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या धरणावर शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. पुढे हेच नौदलात अधिकारी होतात. नागपुरात एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, म्हणजे विदर्भातल्या मुलांनाही ही वाट अगदी अनोळखी नाही.

आणि पाणी म्हणाल तर आपल्याकडे नळगंगा आहे, पेनटाकळी आहे, खडकपूर्णा आहे, मन आहे, येळगाव आहे. पूर्णेवर जिगावचं काम सुरू आहे. उद्या तिथेही कुणीतरी बोट टाकायचं म्हणणारच. पाणी आपल्याकडे आहे. शिकवणारी शाळा नाही, म्हणून शिकायला बाहेर जावं लागेल, एवढाच फरक.

(लोणारचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. ते अभयारण्य आहे, रामसर यादीतलं सरोवर आहे. तिथे बोटिंगचा प्रश्नच येत नाही.)

शाळेत नेमकं शिकवतात तरी काय?

मलाही आधी वाटायचं, की अर्धा दिवस बोट चालवून बघितली की झालं. नंतर जे लोक शिकून आले त्यांच्याशी बोललो, अभ्यासक्रम वाचले, आणि डोकं जाग्यावर आलं.

शिडाची छोटी होडी शिकवताना सुरुवातीच्या दिवसांतच ती मुद्दाम उलटवायला लावतात. हो, मुद्दाम. नवशिका पाण्यात पडतो, होडी आडवी होते, शीड पाण्यावर पसरतं. मग तळातून बाहेर आलेल्या फळीवर वजन टाकून होडी परत उभी कशी करायची, पुन्हा आत कसं चढायचं, हे पुन्हा पुन्हा करून घेतात. का? कारण जो माणूस दहा वेळा शांत पाण्यात पडलाय, तो अकराव्या वेळी खऱ्या वाऱ्यात पडला तर घाबरत नाही. होडी सोडून काठाकडे पोहत सुटत नाही. तिला धरून राहतो.

दुसरं, वारा वाचायला शिकवतात. इंजिनच्या बोटीवर बसलेल्याला वारा फक्त अंगाला लागतो. शिडाच्या होडीवर बसलेल्याला तो पाण्यावर दिसतो. दूरवर पाण्याचा एक पट्टा एकदम काळपट, बारीक लहरींचा झाला, की समजायचं झोत येतोय. इंजिनवाल्याला तो झोत अंगावर आल्यावर कळतो. शीड शिकलेल्याला आधी कळतो आणि तो आधीच तयार असतो. म्हणून मी म्हणालो की शक्य असेल तर सुरुवात शिडापासून करा. पुढे इंजिनची बोट चालवली तरी ही नजर कामाला येते.

तिसरं, रस्ता कुणाचा. हा मुद्दा वाचून मी स्वतः चकित झालो. समोरासमोर दोन इंजिनच्या बोटी आल्या तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपण आयुष्यभर रस्त्यावर डावीकडून गाडी चालवतो. म्हणजे न शिकलेला माणूस घाईत सवयीने डावीकडे वळणार. समोरचा शिकलेला असेल तर तो उजवीकडे वळणार. आणि दोघं एकमेकांवर येणार! असं कितीही वर्षं एकट्याने बोट चालवून कळत नाही. धरणावर एकच बोट आहे तोवर चालून जातं. दुसरी आली की प्रश्न उभा राहतो.

चौथं, माणूस पाण्यात पडला तर काय करायचं. बोट त्याच्याकडे कुठल्या बाजूने न्यायची, पंखा कधी बंद करायचा, त्याला वर कुठून घ्यायचं. इंजिनला एक छोटी दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची असते. तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. आपल्याकडे ही दोरी बऱ्याच वेळा हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसते.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. आज बोट काढायची नाही, हे कधी ठरवायचं ते शिकवतात. किती वाऱ्यात थांबायचं, किती माणसं म्हणजे पुरे. याचा आकडा आधी ठरलेला असतो. गिऱ्हाईक काठावर नोटा हातात घेऊन उभं असताना हा निर्णय डोक्याने होत नाही. तो आधीच झालेला असावा लागतो.

माझ्या घरची गोष्ट

हे सगळं मी पुस्तकातून सांगतोय असं वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. धरणाचं नाव सांगत नाही, चालवणाऱ्याचंही नाही. त्या माणसाचं वाईट व्हावं अशी माझी इच्छा नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे एका धरणावर गेलो होतो. बोटीत आम्ही नऊ जण आणि चालवणारा. मुलगी माझ्या मांडीवर, तेव्हा चार वर्षांची. लाइफ जॅकेट होती, पण सीटखाली. चालवणारा माणूस अनुभवी, हसतमुख, वीस वर्षांपासून तिथेच. पाण्याच्या मधोमध कुणीतरी म्हणालं, तो बघा बगळ्यांचा थवा. पाच जण फोटो काढायला एकदम उभे राहिले, तेही एकाच बाजूला. बोट कलली. पाणी कठड्यावरून आत आलं. चालवणारा ओरडला, "बसा, बसा!" आणि लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले. बोट तिकडे कलली.

उलटली नाही. नशीब. पण त्या दहा सेकंदांत मी मुलीला छातीशी धरून एकच विचार करत होतो, की मला पोहता येत नाही.

काठावर आल्यावर तो माणूस म्हणाला, "असं होत राहते भाऊ, काही होत नाही." तो खोटं बोलत नव्हता. वीस वर्षांत त्याला खरंच काही झालं नव्हतं. पण बोट सुटण्याआधी "कुणी उभं राहायचं नाही, जॅकेट घातल्याशिवाय मी इंजिन सुरू करणार नाही" ही दोन वाक्यं त्याच्या तोंडून निघाली नाहीत. त्याला कुणी ती सवय लावलीच नव्हती. उभ्या माणसांमुळे बोटीचं वजन वर सरकतं आणि ती लवकर कलते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते दर फेरीला, न चुकता, न लाजता सांगायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अनुभवी माणसाला शिक्षण कशाला?

आता खरा वाद. दुकानात आलेल्या त्या पोरांच्या दादाला मी भेटायला गेलो. पन्नाशीचा माणूस, हात बघितले तर वल्ह्याने घट्टे पडलेले. मी विषय काढल्यावर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मह्या बापानं याच पान्यात जाळं टाकलं, आज्यानंबी. पानी मले वळखते. आता मले सातासमुद्रापारचा कागद दाखवा लागन का?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. भोई, कोळी, ढीवर या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट भरलं. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही. कुठे गाळ आहे, कुठे बुडालेल्या गावाचे दगड आहेत, कोणत्या महिन्यात कुठून वारा येतो, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. आणि भीतीही खरी आहे. शहरातला पैसेवाला येईल, सर्टिफिकेटवाले पोरं आणील, आणि ज्याचं पाणी आहे तो काठावर चहा विकत बसेल. असं इतर धंद्यांत झालेलं आपण बघितलंय.

तरीही मी माझ्या मतावर आहे. दोन कारणं सांगतो.

पहिलं कारण, कमांडर दिलीप दोंदे. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 'म्हादेई' ही त्यांची होडी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. दोंदे तेव्हा नौदलातले अधिकारी होते, पाणबुड्याचं काम केलेले. पाण्याची भीती किंवा अनुभवाची कमी हा विषयच नव्हता. तरी मोहिमेआधी ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले. नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारणारा पहिला माणूस. त्यांच्या एका शर्यतीच्या तयारीत दोंदे मदतनीस म्हणून राबले. नौदलाचा अधिकारी हाताखाली काम करून शिकला!

आणि ते शिक्षण एका माणसापाशी थांबलं नाही. दोंदेंच्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी पुढे २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. नंतर नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना दोंदेंनी तयार केलं. त्या 'तारिणी' होडीतून सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. पद्धतीने शिकलेला माणूस दुसऱ्याला पद्धतीने शिकवू शकतो. नुसता अनुभव ज्याचा त्याच्याजवळ राहतो आणि त्याच्याबरोबर जातो.

दुसरं कारण सरळ पैशाचं आहे. दादाचं पन्नास वर्षांचं ज्ञान आज बाजारात शून्य रुपयाला आहे. पोरांच्या वहीत त्याला रोजंदारी लिहिली होती, पार्टनरशिप नाही. उद्या त्याच्या हातात मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आलं, तर बोट ज्याची असेल त्याला दादाशिवाय बोट काढता येणार नाही. मग रोजंदारी कोण देतो आणि हिस्सा कोण मागतो, हे बदलतं. ज्या कागदाची त्याला भीती वाटते, तोच कागद त्याच्या बाजूने उभा करता येतो. म्हणून मी म्हणतो, शिकायला पहिला दादाला पाठवा. तुम्ही नंतर जा.

ज्या दिवशी नेहमीसारखं नसतं

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात, कुगाव आणि कळाशीच्या मधे, वादळी वाऱ्यात बोट उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत बाहेर आला. तो रोजच्या येण्याजाण्याचा मार्ग होता.

१४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच विदर्भात, वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. घरच्या दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती.

जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले.

या तिन्ही ठिकाणी समुद्र नव्हता. एक धरण, एक नदी, एक शहरातला तलाव. नाविकांना येत होतं की नव्हतं, हा न्याय करायला मी बसलेलो नाही. तो माझा अधिकार नाही. मला एवढंच म्हणायचंय, की "आपलं पाणी शांत आहे" या वाक्यावर धंदा उभा करू नका. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं आपल्याकडे कसं सुटतं, हे पत्रे उडालेल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. धरणाच्या मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला झाडही नसतं.

आता धंद्याचा हिशोब

पोरांच्या वहीत रविवारचे आठ हजार होते. मी त्याच वहीत खाली चार ओळी लिहून दिल्या.

एक, कायदा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय. त्यानुसार इंजिनच्या नावेला नोंदणी लागते, तपासणी लागते, विमा लागतो आणि चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, त्यात पाण्यावरच्या उपक्रमांचीही नोंदणी आहे. हे न करता बोट टाकली, तर एका तक्रारीवर धंदा बंद.

दोन, विमा. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा काय मागते? बोटीची कागदपत्रं आणि चालवणाऱ्याचा परवाना. तो नसेल तर भरपाई खिशातून. दुकान, शेत, घर सगळं त्यात जातं. आणि पार्टनर म्हणून माझंही.

तीन, गिऱ्हाईक. रविवारी येणारं गिऱ्हाईक कागद विचारत नाही. पण सोमवार ते शुक्रवार तुमची बोट रिकामी उभी राहणार. ते दिवस भरायचे तर शाळांच्या सहली हव्यात, कंपन्यांचे ग्रुप हवेत, शेगावला आलेल्या भाविकांना फिरवणाऱ्या टूरवाल्यांचं बुकिंग हवं. हरणीनंतर कुठला मुख्याध्यापक कागद न बघता पोरं बोटीत बसवेल? प्रमाणपत्राचा खर्च तुम्हाला इथे परत मिळतो.

चार, भाव. शिकलेला चालक, प्रत्येकाच्या अंगावर मापाचं जॅकेट, सुटण्याआधी दोन मिनिटं सूचना. अशा बोटीला लोक माणशी दीडशे देतील. घाबरलेली आई पन्नास रुपये वाचवत नाही, ती पोराला बसूच देत नाही. तुम्हाला ते गिऱ्हाईकही मिळवायचंय.

कागद विकणाऱ्यांपासून सावध

मी प्रमाणपत्राची बाजू घेतोय म्हणून कुठलाही कागद आणू नका. आपल्याकडे "जहाजावर नोकरी लावून देतो, कोर्ससकट" म्हणून लाखो रुपये घेणारे एजंट गावोगावी फिरतात. मर्चंट नेव्हीचा विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघा. आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला परवानाधारक एजन्सीलाही बंदी आहे. पैसे मागितले, तिथेच समजून जा.

बोटिंगच्या कोर्ससाठी माझे चार प्रश्न आहेत. फोनवर विचारा.

१. पाण्यावर किती तास? वर्गातच संपत असेल तर सोडून द्या.
२. पोहण्याची चाचणी घेता का? घेत नसतील तर सोडून द्या.
३. नापास करता का? "आमच्याकडे सगळे पास होतात" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर तो दुकान चालवतोय, शाळा नाही.
४. हे प्रमाणपत्र कोण मान्य करतं? सरकारी खात्याचं किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेचं नाव नीट सांगता आलं पाहिजे.

सुरुवात कुठून करायची?

गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स ही केंद्रीय पर्यटन मंत्रालयाखालची संस्था आहे. पॉवर बोट चालवणं आणि जीवरक्षण यांचे कोर्स तिथे होतात. धरणावर धंदा करणाऱ्याला हे दोन्ही कामाचे. एक माणूस बोटीसाठी, एक जीवरक्षणासाठी, अशी दोघांची जोडी पाठवा. आपल्या सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. शीड शिकायचं असेल तर मुंबईत ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या पद्धतीने शिकवतात. त्यात पायऱ्या आहेत. आधी चांगला सहायक खलाशी, मग दिवसा होडी सांभाळणारा, मग पुढचं. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या नेव्हल युनिटची चौकशी करा, तिथे खिशाला फार भार नाही.

फी, वयाची आणि शिक्षणाची अट, तारखा हे सगळं बदलत असतं. म्हणून थेट संस्थेला फोन करा, माझ्या लेखावर विसंबू नका.

आणि बोट घेण्याआधी तीन दारं ठोठवा. धरण ज्यांच्या ताब्यात आहे ते जलसंपदा खातं, अमरावती विभागाचं पर्यटन संचालनालयाचं कार्यालय आणि बोटीच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. चौथं दार सरकारी नाही, पण ते विसरू नका. त्या पाण्यात मासेमारीचा ठेका असलेली सहकारी संस्था. त्यांची जाळी तुमच्या पंख्यात आली तर भांडण तुमचं आणि नुकसान दोघांचं. त्यांना आधीच सोबत घ्या.

शेवटी

त्या दोन तरुणांना मी म्हणालो, पार्टनर व्हायला तयार आहे, पण माझे पहिले पैसे बोटीला लागणार नाहीत. ते दादाच्या कोर्सला, गोव्याच्या प्रवासाला आणि तिथल्या राहण्याला लागतील. जुन्या बोटीचा इसार त्यांनी अजून दिलेला नाही. थोडे नाराज आहेत. सीझन जातोय असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे, एक सीझन जाईल.

परवा दादाचा फोन आला. पोराकडून संस्थेची माहिती वाचून घेतली म्हणे. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "भाऊ, म्या सातवी शिकलो. पेपर लिवता नाही आला तं? ह्या वयात नापास झालो तं गावात हसतीन लोकं."

पन्नास वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला पाण्याची भीती नाही, परीक्षेची आहे. मी त्याला म्हणालो, दादा, आधी फोन करून शिक्षणाची अट विचारू. अट बसत असेल तर मी सोबत येतो. मलाही पोहायला शिकायचंय.

फोन लावणार आहे. काय होतं ते सांगतोच.

तोवर तुमच्यापैकी कुणी बोटीचा विचार करत असेल, तर वही काढा. पहिल्या ओळीत बोटीची किंमत लिहिली असेल तर ती खोडा. तिथे चालवणाऱ्याचं नाव लिहा आणि त्यापुढे तो कुठे शिकला ते लिहा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर बोट अजून घ्यायची नाही.